दुभाष्याने ‘मी’ म्हणायचं असतं

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटात टाकशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिता येईल. तू घर बदललंस एवढं कुणाकडून तरी कळलं, नवा पत्ता कळला नाही, म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे.

आधी दादाबद्दल. तो बरा आहे. माझ्याकडेच राहतो, मधल्या खोलीत. डेपोत बस धुण्याच्या कामावर आहे. चालवण्याच्या नाही, धुण्याच्या. लायसन्स अजून अडकलेलंच आहे. नऊ वर्षं ज्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर बसला, त्यांनाच आता बाहेरून पाणी मारतो आणि त्यावर एक शब्द बोलत नाही. गोळ्या वेळेवर घेतो. वजन वाढलंय. सव्वासहा फुटांच्या माणसाला तू अजून ‘बारक्या’ म्हणत असशील, तर आता खरंच बंद कर. थंडीत त्याचं डावं मनगट दुखतं. मग तो डावखुरा माणूस कप उजव्या हातात धरतो आणि आपल्याला कळलं नाही असं समजतो.

मी अजून वरच्या हॉस्पिटलातच दुभाषी आहे. वरचं म्हणजे टेकडीवरचं. इथं मनोरुग्णालय असं कुणी म्हणत नाही, ‘वर नेलं’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. आता त्यांनी मला एक जादा काम दिलंय. त्याचं नाव ‘वर्ण आणि मानसिक आरोग्य : सर्वसमावेशक जनसंवाद’. हसू नकोस. मी ते नाव तीन भाषांत करून दिलं आणि तिन्हींत ते तितकंच कंटाळवाणं झालं.

काम असं आहे. आपल्या रंगाची माणसं वर जातात ती बहुतेक पोलिसांच्या गाडीतून. स्वतःच्या पायांनी जाणारी फार थोडी. गोऱ्यांचं उलटं. हे असं का, ते हॉस्पिटलला आता आपल्याच लोकांकडून ऐकायचं आहे. त्यासाठी सभा घ्यायच्या. माणसं मी गोळा करायची, बोललेलं मी उलथंपालथं करून दोन्हीकडे पोचवायचं. माझ्यावर एक संवाद अधिकारी नेमली आहे. तिशीची असेल, मनाने चांगली आहे. तिच्या पर्समध्ये सतत चार रंगांच्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या असतात. लोकांनी आपल्या भावना चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावायच्या, अशी तिची पद्धत. मी तिला मनातल्या मनात चिठ्ठीवाली म्हणते.

लिहायचं कारण हे, की दादाने एखाद्या सभेत बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. तू मोठी आहेस. तुला विचारल्याशिवाय त्याला हो म्हणायला लावणं मला बरोबर वाटलं नाही. एकदा न विचारता केलं, तेवढं पुरे झालं.

तू घातलेली अट मला आठवते. तिच्याबद्दल आज लिहीत नाही. दमले आहे.

धाकटी

३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही, म्हणजे नकारही नाही, असा सोयीचा अर्थ मी लावला आहे.

पहिली सभा झाली. हॉस्पिटलच्याच बैठकीच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्याही गोल, कारण गोलात बसलं की सगळे समान होतात असं चिठ्ठीवालीला प्रशिक्षणात सांगितलंय. आले सातजण. त्यातले चार पगारी. उरलेल्या तिघांतल्या एका बाईंना डोळ्यांच्या तपासणीला जायचं होतं, त्या चुकून आमच्याकडे बसल्या. बिस्किटं खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, “डॉक्टर कधी येणार?” हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर समोरच बसले होते. त्यांनी हात वर केला. बाई म्हणाल्या, “तुम्ही नाही, डोळ्यांचे.”

सगळं आवरताना चिठ्ठीवाली मला म्हणाली, “तुमची माणसं का येत नाहीत? आम्ही तर ऐकायला तयार आहोत.”

खरं सांगू, मला रागही आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. मी तिला खिडकीपाशी नेलं आणि खालचं मागचं फाटक दाखवलं. म्हटलं, “ज्यांना तुम्ही बोलावलंत, ती सगळी या इमारतीत एकदा येऊन गेली आहेत. त्या फाटकातून. दोघांनी दंड धरले होते. त्यांना परत इथंच चहाला बोलावता?”

तिने खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाली, “मग कुठं घ्यायची?”

आपल्या रस्त्यावर सलूनवाले काका आहेत, तुला आठवत असतील. बाबांची दाढी करायला घरी यायचे ते. मी त्यांच्याकडे गेले. ते एकाच्या डोक्याला मशीन लावत होते. मशीन न थांबवता म्हणाले, “सभा इथं रोजच असते. तुमच्या साहेबांना सांग, केस कापायला या. बोलणारे आपोआप बोलतील. पण त्या चिठ्ठ्या माझ्या आरशांना चिकटवायच्या नाहीत.”

तर पुढची सभा सलूनमध्ये. चिठ्ठीवालीने वरिष्ठांना लिहिलेल्या अर्जात त्याला ‘समुदाय-स्नेही अवकाश’ म्हटलंय. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “भाडं तेच ना?”

दादाला मी अजून काही विचारलेलं नाही. पण त्याला कळलंय. सलूनमध्ये काही होणार आणि त्याला कळणार नाही, असं कसं होईल. काल जेवताना म्हणाला, “मी नुसता बसेन. बोलणार नाही.” मी बरं म्हटलं.

धाकटी

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘तो जेवतो का?’ एवढे तीनच शब्द, सही नाही. मी ते पालथंसुद्धा करून बघितलं. हो, जेवतो. दोन वेळा, आणि दुपारी डेपोत काहीबाही.

परवा सलूनमध्ये सभा झाली. सव्वीसजण आले. खुर्च्या सहाच, बाकीचे उभे, काही पायऱ्यांवर. मोठे डॉक्टर खरंच केस कापायला बसले. अंगावर पांढरा कपडा, मान खाली, आणि मागून माणसं बोलताहेत. काका नंतर म्हणाले, “मान माझ्या हातात होती, म्हणून त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.”

शिवणकाम करणाऱ्या बाई बोलल्या. त्यांची मुलगी महिनाभर जेवत नव्हती. डॉक्टरकडे नेली, तर त्यांनी विचारलं, तुमच्यात मुलींवर फार बंधनं असतात ना? “मी म्हटलं, तिचं पोट बघा, आमच्यातलं काय ते नंतर बघा,” बाई म्हणाल्या. एक पोस्टमन बोलला. त्याला आवाज ऐकू येतात हे त्याने सहा वर्षं बायकोला सांगितलं नाही. उंच, काळा माणूस आवाज ऐकतो असं बाहेर कळलं तर कुणी दारात उभं करणार नाही, मग टपाल कसं वाटायचं, म्हणाला. मी सगळं भाषांतर करत होते. आमच्या कामाचा नियम तुला माहीत नसेल. दुभाष्याने ‘ते म्हणतात की’ असं म्हणायचं नसतं. ‘मी’ म्हणायचं असतं. तेव्हा मी पोस्टमन होते, शिवणकामाची बाई होते. 

आणि मग दादा बोलायला लागला.

दाराशी टेकून उभा होता. इथली भाषा त्याला माझ्याइतकीच येते, नऊ वर्षं त्याच भाषेत त्याने माणसं चढवली-उतरवली. पण त्या दिवसाबद्दल तो आपल्याच भाषेत बोलतो, अगदी सावकाश. म्हणाला, “चारजण होते. एक पाठीवर गुडघा टेकून बसला. मी म्हणत होतो, गाडी डेपोत लावायची राहिलीय, मला जाऊ द्या. कुणी काही बोललं नाही. मनगटाचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.”

हे मी ‘मी’ म्हणून सांगितलं. सांगता आलं.

मग तो म्हणाला, “खालच्या मजल्यावरच्या बाईने फोन केला. गोरी आहे, आमच्या पावलांचा आवाज तिला नेहमीच खुपायचा. दाराच्या भोकातून बघत होती. मी तिला कधी वाईट शब्द बोललो नव्हतो.”

ताई, सव्वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. दादा बघत होता. मी इथल्या भाषेत म्हणाले, “खालच्या मजल्यावरच्या बाईने फोन केला. गोरी आहे, आमच्या पावलांचा आवाज तिला नेहमीच खुपायचा. दाराच्या भोकातून बघत होती. मी तिला कधी वाईट शब्द बोललो नव्हतो.” एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

शेवटी त्याने डॉक्टरांना विचारलं, “माझी फाइल मला वाचायला मिळेल का? त्या दिवशी काय लिहिलं ते बघायचंय.”

डॉक्टर खुर्चीतून वळले. म्हणाले, “मिळेल. तुमचा हक्क आहे. अर्ज करा, सहा आठवडे लागतात.” चिठ्ठीवालीने लगेच अर्ज काढून दिला. दादाने तिथंच, आरशाखालच्या फळीवर ठेवून भरला.

मी अजून त्याला सांगितलेलं नाही. तुला ते पहिल्या ओळीपासून कळलं असेल. ‘फोन तू केलास हे त्याला सांगशील, तेव्हाच मला फोन कर.’ तुझे शब्द. तीन वर्षं झाली आणि मी दर महिन्याला ठरवते, या महिन्यात.

धाकटी

१० मार्च

ताई,

मी दादाला सांगणार आहे. पण त्याआधी तुला एक सांगायचं आहे, कारण तुलाही सगळं माहीत नाही.

ते दिवस तू बघितले नाहीस. तुला मी फोनवर ‘बरं नाहीये’ एवढंच सांगत होते. दादाला वाटत होतं, शेवटच्या थांब्यावर न उतरलेले प्रवासी त्याच्यामागून घरी आलेत. खोल्याखोल्यांतून फिरून तो त्यांना विनवायचा. “शेवटचा थांबा आला, उतरून घ्या. आजोबा, पिशवी विसरू नका.” अगदी अदबीने, कामावर बोलायचा तसा. कुणाला शिवी नाही, धक्का नाही. फक्त झोप नाही. त्याला नाही आणि त्यामुळे मला नाही.

मी पहिल्या दिवशी फोन केला. ते विचारतात, त्याने स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा केली आहे का? मी म्हटलं, नाही. मग यादीत नाव घालतो, वाट बघा. दुसऱ्या दिवशी तेच. मी अकरा दिवस फोन केला. सातव्या दिवशी तर मी आपल्या हॉस्पिटलातली ओळख सांगितली. पलीकडची बाई म्हणाली, “मग तर तुम्हाला माहीतच असेल, आधी जास्त धोक्याच्या केसेस घ्याव्या लागतात.”

माहीत होतंच. वॉर्डात हजार वेळा मी ते शब्द इकडून तिकडे केलेत. कुठल्या शब्दावर फाइल हलते आणि कुठल्यावर पडून राहते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

अकराव्या दिवशी दुपारी मी म्हणाले, “त्याच्या हातात सुरी आहे.”

सुरी नव्हती. हातात कंगवा होता. ड्यूटीवर जायचंय म्हणून तो बाथरूममध्ये भांग पाडत होता.

त्यांनी विचारलं, दिसायला कसा आहे? मी म्हणाले, “काळा. सव्वासहा फूट. अंगाने धिप्पाड.” त्याला कुणी काळा म्हटलं तर आई दारात जाऊन भांडायची. मी ते इतक्या सहज म्हणाले, जसं काही फॉर्मवरचा रकाना भरतेय.

आठ मिनिटांत आले. नर्स नाही, पोलीस.

मला भीती वाटत होती असं मी तुला तेव्हा सांगितलं. तेही खोटं. दादाची भीती मला एक क्षणही वाटली नाही. मला तो घरात नको होता. फक्त एका दिवसासाठी. मला झोपायचं होतं. ताई, त्याला नेल्यावर मी खरंच झोपले. चौदा तास. त्याचं मनगट प्लास्टरमध्ये घालत होते तेव्हा मी झोपले होते.

फाइलमध्ये ‘शस्त्रासह’ असं लिहिलंय. लायसन्स त्या एका शब्दावर अडकलंय. आजारावर नाही. आजार बरा झाल्याचं डॉक्टरांनी दोनदा लिहून दिलं. तो शब्द माझा आहे. फोनवरचं संभाषण फाइलला शब्दशः जोडलेलं असतं, आमच्याकडे सगळं शब्दशः असतं. फाइल दादाच्या हातात पडली की तो ते वाचणारच.

आता मला उत्तर लिहू नकोस.

धाकटी

२ एप्रिल

ताई,

रविवारी सकाळी सांगितलं. तो डेपोचा शर्ट इस्त्री करत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, बसायचं सुचलं नाही. फोन मी केला, खालच्या बाईंनी नाही, हे सांगितलं. मग सुरीचं सांगितलं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “कुठली सुरी?” त्याने विचारलं.

“कुठलीच नाही.”

“माझ्या हातात काय होतं?”

“कंगवा.”

थोडा वेळ त्याने ते जणू हाताने आठवून बघितलं, बोटं मिटून. मग म्हणाला, “तुला माझी भीती वाटली होती?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. त्यालाही सोपं झालं असतं, असं वाटलं मला. “नाही,” मी म्हणाले. “दमले होते.”

त्याने दुसरी बाही पूर्ण इस्त्री केली. बटण बंद केलं, वायर गुंडाळली, शर्ट हँगरला लावला. प्रत्येक गोष्ट नीट. मग चप्पल घालून खाली गेला.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले, ऐकायला. लपून ऐकायची सवय जात नाही. त्याने खालची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. दादा म्हणाला, “मी तीन वर्षं तुम्हाला जिन्यात ओळख दाखवली नाही. मला वाटलं होतं, फोन तुम्ही केला. तुम्ही नव्हता केला. माफ करा.”

 मग साखळी निघाली. म्हातारी म्हणाली, “मी समजत होते, मी दार उघडलं नाही म्हणून तू रागावलास. तुला पायऱ्यांवरून नेत होते तेव्हा तू माझ्या दाराकडे बघत होतास. मी आत उभी होते. मला बाहेर यायला हवं होतं. तू चांगला मुलगा आहेस, हे तरी मी त्यांना सांगायला हवं होतं.”

दादा आत गेला की नाही ते मला दिसलं नाही. दार लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी तो वर आला आणि बॅग भरायला लागला. सलूनच्या वरची खोली काकांनी दिली आहे. मी म्हटलं, “तू कशाला जातोस, मी जाते.” तो म्हणाला, “घर तुझ्या नावावर आहे.” तेवढंच. ओरडला असता, तर मला काहीतरी करता आलं असतं. गोळ्यांचा डबा तो विसरला. मी पोचवायला गेले, तर काकांनी खालीच घेतला आणि म्हणाले, “पोरी, चार दिवस जाऊ देत.”

मी तुला फोन करू शकते आता, अट पुरी झाली. पण करत नाही. हे बोलून दाखवायचं बळ नाही, लिहून होतंय तेवढं होऊ दे.

धाकटी

२१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचलं. पूर्ण पानभर. त्यातलं ‘मी तरी कुठं आले होते’ हे वाक्य तू खोडायचा प्रयत्न केला आहेस, पण वाचता येतं. खोडायला नको होतं.

मी लेखी जबाब दिला. आधी हॉस्पिटलला, मग लायसन्सच्या कचेरीत. शस्त्र नव्हतं, मी खोटं सांगितलं, का सांगितलं. लायसन्सच्या कचेरीतला कारकून म्हणाला, “असं लिहून दिलंत तर तुमच्यावरच येईल.” मी म्हटलं, “त्यासाठीच लिहितेय.” त्याने शिक्का मारला.

हॉस्पिटलने मला दुभाषी म्हणून काढलं. नोकरीवरून नाही, मोठे डॉक्टर मध्ये पडले. आता मी नोंदणीच्या खिडकीत बसते, नाव-पत्ता विचारते. दुभाष्याने पदरचा शब्द घालायचा नाही हा पहिला नियम, आणि मी तो मोडला, एवढंच नाही, तर तो मोडल्यावर काय होतं तेही मला ठाऊक होतं. निर्णय बरोबर आहे. वाईट वाटतं ते वेगळं.

चिठ्ठीवालीला सांगितलं, तेव्हा ती आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “हे तुम्ही शेवटच्या सभेत सांगाल का? फार परिणाम होईल.” ती वाईट नाही ताई. तिला खरंच वाटतं की सगळं सभेत सांगण्यासाठीच घडतं. मलाही क्षणभर मोह झाला. लोकांसमोर उभं राहायचं, सगळं ओकून टाकायचं, कुणीतरी पाठीवर हात ठेवेल.

दादाला विचारायला गेले. तो सलूनच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला नाही आणि आतही गेला नाही. मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “ती तुझी गोष्ट नाही. माझी आहे. सांगायची तर मी सांगेन.”

“बरं. भाषांतराला मी नसेन, दुसरं कुणीतरी येईल.”

“माहीत आहे.” मग म्हणाला, “खिडकीत बसवलं म्हणे तुला.”

“हो.”

“वारा येतो का?”

“येतो.”

असं एवढंच झालं. घरी येताना मी ते वाऱ्याचं परत परत मनात घोळवत होते. चिडवत होता, की विचारत होता, ठरवता आलं नाही.

धाकटी

१६ मे

ताई,

सोबत एक फॉर्म जोडला आहे. तो आधी वाच. पण काय झालं ते सांगते, मग फॉर्मचं.

शेवटची सभा नगर वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली. दीडशे माणसं होती. आपली होती, गोरी होती, खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या, डेपोतले ड्रायव्हर गणवेशात आले होते. मी सगळ्यात मागे, कोट टांगतात त्या खांबापाशी. नवा दुभाषी तरुण आहे, स्पष्ट बोलतो, फक्त ‘र’ जरा घसरतो.

दादा उभा राहिला. कागद नव्हता. दुभाषी म्हणायला लागला, “मी बस चालवायचो. मला आजार झाला.” परक्या तोंडातून तो ‘मी’ ऐकताना मला कसं झालं ते लिहिता येत नाही. “माझ्या बहिणीने सांगितलं की माझ्या हातात सुरी आहे. सुरी नव्हती.”

 मी खाली बघत होते. आता तो माझ्याबद्दल बोलेल, आणि बोलायलाच हवं, असं धरून उभी होते.

तो म्हणाला, “तिने अकरा दिवस फोन केला. मी अकरा दिवस घरात होतो. मी आजारी आहे, असं ती सांगत होती, ते खरं होतं, कुणी आलं नाही. मी धोकादायक आहे, असं सांगितलं, ते खोटं होतं, आठ मिनिटांत आले. माझ्याबद्दलचं खोटं तुम्हाला लगेच पटलं. का पटलं, ते तुम्ही बघा. तिने का सांगितलं, ते मी बघेन.”

आणि बसला. टाळ्या वाजल्या नाहीत, वाजायलाही नको होत्या. मोठे डॉक्टर उभे राहिले, परत बसले. चिठ्ठीवालीच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, तो तिने पर्समध्ये ठेवून दिला.

निघालं काय म्हणशील, तर थोडं. फोन आल्यापासून दोन दिवसांत दोन नर्स घरी जातील, त्यातली एक आपली भाषा येणारी असेल. पोलीस आधी नाहीत. सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक. फाइलमधला ‘शस्त्रासह’ शब्द खोडला आहे. लायसन्सची वैद्यकीय तपासणी हिवाळ्यात ठेवली आहे. मिळेल असं म्हणतात, म्हणणारे मागेही होते. तोवर डेपोने त्याला आवारातल्या आवारात गाड्या हलवायला परवानगी दिली आहे, धुण्याच्या जागेपासून फाटकापर्यंत. काका बघून आले. म्हणाले, “शंभर पावलं नाहीत, पण आरसा नीट करतो, पट्टा लावतो, मगच निघतो.”

आमचं बोलणं होतं. चहा पितो कधीतरी, सलूनमध्ये, काकांच्या समोर. घरी येत नाही. मी बोलावत नाही. एकदा मी माफीचं काढलं, तर म्हणाला, “आत्ता नको. मला आधी पुरतं चिडू दे. गोळ्यांमुळे वेळ लागतो.” मला हसू आलं. त्याला नाही आलं.

आता फॉर्म. हा या सभांतूनच निघाला. ‘मी पुन्हा आजारी पडलो तर’ असं त्याचं नाव, आणि चिठ्ठीवालीने ते नाव बदललं नाही, हे तिचं मोठेपण. बरं असताना माणसाने आपल्याबद्दल लिहून ठेवायचं. दादाने स्वतः लिहिलंय, आपल्या भाषेत. ‘माझ्याशी बसून बोलावं, उभं राहून नाही. प्रवासी दिसतात असं म्हटलं, तर नाहीत म्हणून वाद घालू नये, उतरवायला मदत करावी. डावा हात धरू नये.’ हे वाचून मी खिडकीतून उठून पाणी पिऊन आले.

खाली दोन चौकटी आहेत. पहिली, ‘माझ्या वतीने हिने ठरवावं.’ तिथं त्याने तुझं नाव घातलं आहे. तू दीड दिवसाच्या प्रवासावर आहेस, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “असू दे. ती फोनवर ऐकून घेईल.” तुझी सही लागेल, दोन ठिकाणी, मी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. सही करायच्या आधी नीट विचार कर. मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणते. अकरा दिवस फार मोठे असतात. आणि त्याला एकदा फोन कर. तोही तुझी वाट बघतो, असं मला वाटतं. त्याने तसं म्हटलेलं नाही.

दुसरी चौकट, ‘हिला कळवावं, पण विचारू नये.’ तिथं मी आहे. मी म्हटलं, नंबर मी लिहू का? तो नको म्हणाला. खिशातून फोन न काढता, कुणाला न विचारता त्याने माझा नंबर सलग लिहून टाकला.

धाकटी